टायरचा पिवळा दिवा आणि जळगावचं एक दुकान

माझं गाव चोपडा तालुक्यात, अडावदजवळ. केळीचं रान काळ्या मातीचं. मृगाचा पाऊस पडला की साध्या टायरांची गाडी बांधापर्यंतसुद्धा पोहोचत नाही. म्हणून चार वर्षांपासून माझ्याकडे चाकांचे दोन सेट आहेत. जूनमध्ये खोल ग्रिपची टायरं चढवायची आणि दिवाळी झाली, रान वाळलं, की पुन्हा रस्त्याची.

यंदा दिवाळीनंतर चाकं बदलली आणि मीटरमधला, टायरमध्ये हवा कमी असल्याचं सांगणारा पिवळा दिवा माझ्या मागे लागला. गाडी चालू केली की मिनिटभर लुकलुकायचा, मग कायमचा पेटून राहायचा. स्क्रीनवर पुढच्या डाव्या चाकात हवा २४ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) आणि मागच्या उजव्या चाकाच्या जागी आकड्याऐवजी दोन रेघा. जवळच्या पंक्चरवाल्याकडे गेलो. त्याने पुढच्या डाव्या चाकात हवा भरली. त्याचं गेज ३८ वर गेलं, स्क्रीनवरचा २४ जागचा हलला नाही. एका ठिकाणी सांगितलं, चाकांच्या आत हवा मोजणारे चारही सेन्सर बदला. दुसऱ्या ठिकाणी सांगितलं, दिव्यावर काळी टेप लावा.

टेप मला पटणं शक्यच नव्हतं. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात चुलतभावाच्या गाडीचं टायर धुळ्याच्या अलीकडे भरधाव असताना फुटलं, तेव्हा मी त्याच्या शेजारी बसलो होतो. हवा कमी असली की टायरची बाजू जास्त दबते, सारखी दुमडून तापते, आणि आपल्याकडे मे महिन्यात खालचा डांबरी रस्ताही तापलेलाच असतो. त्या गाडीत असा दिवा नव्हता. माझ्या गाडीत आहे, तर तो खरं बोलला पाहिजे.

शेवटी विदगावच्या तापी पुलावरून जळगाव गाठलं. दुकान महामार्गाला लागून, पत्र्याच्या शेडमध्ये. तिथल्या पंचवीस-सव्वीस वर्षांच्या पोराने जॅकला हातच लावला नाही, हे मला सगळ्यात आवडलं. हातात मोबाइलपेक्षा जाडसर स्कॅनर घेऊन तो एकेका चाकापाशी उकिडवा बसला आणि यंत्र व्हॉल्व्हच्या शेजारी टायरला टेकवलं. पहिल्या चाकाला ‘टीं’ झालं. सेन्सरचा नंबर, हवा, तापमान आणि बॅटरी असं सगळं स्क्रीनवर आलं. दुसऱ्याला आलं, तिसऱ्याला आलं. चौथ्याला तीन वेळा टेकवलं तरी काही नाही. मग त्याने साध्या गेजने त्याच चाकाची हवा बघितली, ३२ होती. म्हणाला, ‘नाना, हवा बराबर शे. सेन्सर बोली नही राहिना.’ म्हणजे हवा ठीक आहे, सेन्सरच बोलत नाहीये.

मग समजावून सांगितलं. दिवा चालू होताच स्थिर पेटला तर हवा कमी. आधी लुकलुकून मग स्थिर झाला तर यंत्रणेतच बिघाड. माझ्याकडे दोन्ही होतं. प्रत्येक सेन्सरचा स्वतःचा नंबर असतो आणि कोणता नंबर कोणत्या जागी, हे गाडी लक्षात ठेवते. काही गाड्या थोडं अंतर चालवल्यावर जागा आपोआप ओळखतात, माझी ओळखत नाही. चाकं चढवताना पुढची मागे गेली होती. २४ हवा खरी होती, पण ती मागच्या डाव्या चाकात. आणि मी पुढच्याला फुगवत बसलो होतो! गप्प झालेल्या सेन्सरची बॅटरी संपली होती. गाडी २०१८ची, सेन्सर मूळचेच. बॅटरी आत सीलबंद असते, वेगळी बदलता येत नाही. साधारण पाच ते दहा वर्षांत सेन्सरच बदलावा लागतो.

चार विकायची संधी असून त्याने एकच घ्यायला सांगितलं, कारण बाकीच्या तिघांच्या बॅटऱ्या ठीक होत्या. मी आधी इंटरनेटवरून स्वस्तात मागवलेला सेन्सर सोबत नेला होता. तो ३१५ मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींवर बोलणारा निघाला, माझी गाडी ४३३ ऐकते. तो परत खिशात घातला.

नवा सेन्सर दुसऱ्या दिवशी आला. टायर उतरवताना मी मुद्दाम जवळ उभा राहिलो. मशीनचा दाबणारा पंजा त्याने व्हॉल्व्हपासून लांबच्या बाजूला घेतला. तिथेच घाई झाली तर आतला सेन्सर तुटतो. सेन्सरचा नट टॉर्कच्या (ठरावीक जोरानेच आवळायच्या) पान्याने आवळला आणि सगळं जोडल्यावर व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी टाकून बुडबुडे येतात का ते बघितलं. मग चारही नंबर गाडीत जागेवार भरले. सेन्सर, फिटिंग, बॅलन्सिंग आणि स्कॅनिंग मिळून ३,४५० रुपये, पक्कं बिल.

हवा भरल्यावर म्हणाला, गाडी पन्नास किलोमीटर चालून आली आहे, टायर गरम आहेत. उद्या सकाळी घरी पुन्हा बघा. दर दहा अंशांना दीड-दोन पीएसआयचा फरक पडतो. मेच्या दुपारी ४३ अंशांत बरोबर भरलेली हवा डिसेंबरच्या पहाटे १२ अंशांत पाचएक पीएसआय कमी दिसणार, टायर गळत नसलं तरी. दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं, चारही चाकांत दोन-दोन कमी होते. भरून घेतले.

पावसाळी चाकांत सेन्सरच नाहीत, म्हणून ती असेपर्यंत दिवा पेटलेला असायचा. त्यावर त्याने उपाय सांगितला: जुन्या सेन्सरचे नंबर नव्या सेन्सरमध्ये उतरवता येतात, मग गाडीला चाकं बदललेली कळतही नाहीत. मात्र एकाच नंबरचे दोन सेट एकाच वेळी गाडीत ठेवायचे नाहीत. मी तेव्हाच घ्यायला तयार होतो. तोच नको म्हणाला: सहा महिने शेडमध्ये पडून बॅटरी झिजेल, जूनमध्ये या.

त्रासही झाला. सेन्सर दुकानात नसल्याने दोन खेपा पडल्या. स्कॅनर एकच आणि तो चालवणारा माणूसही एकच. तो जेवायला गेला की गाड्या थांबतात. बसायला दोन खुर्च्या, वर तापलेला पत्रा. सकाळी नऊला, फोन करून जा. आणि घरून निघण्याआधी प्रत्येक रिमच्या आतल्या बाजूला रंगाने जागा लिहून ठेवा. मी आता ‘पु डा’, ‘पु उ’, ‘मा डा’, ‘मा उ’ असं पांढऱ्या रंगात लिहिलं आहे.