रेड ओकची लाकडी जमीन घरच्या घरी: १४ महिन्यांच्या वापरानंतर

न्यू जर्सीतलं १९५० च्या दशकातलं घर. बैठकीची आणि जेवणाची खोली मिळून ४२० चौरस फूट जुना रेड ओक कार्पेटखाली निघाला. शेजारच्या १० बाय १३ फुटांच्या खोलीत नुसतं प्लायवूड होतं, तिथे त्याच मापाची नवी पट्टी ठोकली. पट्टी इथली नेहमीचीच, पाऊण इंच जाड, सव्वादोन इंच रुंद, भरीव, खाच-जिभेची (एकीच्या कडेची जीभ शेजारणीच्या खाचेत बसते). मग सगळी ५५० चौरस फूट जमीन एकत्र घासून तिला पाण्याच्या पॉलियुरेथेनचे (लाकडावरचा पारदर्शक कडक थर, पुढे नुसतं पॉली) हात दिले. त्यानंतर एक पूर्ण हिवाळा आणि एक दमट उन्हाळा गेला, आता दुसऱ्या हिवाळ्याचं हीटिंग सुरू झालं आहे.

निकाल आधीच सांगतो. पॉलीबद्दल तक्रार नाही. आज जे डोळ्यांना खुपतं ते जवळजवळ सगळं पॉलीचा डबा उघडायच्या आधीच्या कामातलं आहे. दुकानात मात्र तासभर चर्चा होते ती कुठला डबा घ्यावा याचीच.

पहिली गोष्ट ओलाव्याची. ‘लाकूड तीन दिवस खोलीत ठेवा, मग ठोका’ हा सल्ला अर्धवट आहे. दिवस मोजून काही कळत नाही, दोन टोकांचं ओलावा-मीटर हवं. सबफ्लोअरच्या (पट्ट्यांखालच्या प्लायवूडच्या) निदान २० जागा आणि प्रत्येक गठ्ठ्यातल्या दोन-तीन पट्ट्या मोजायच्या. तीन इंचांपेक्षा अरुंद पट्टी असेल तर दोघांत ४ टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको, रुंद फळीला २ टक्केच. इथे प्लायवूड १० वर आणि ओक ७ वर होता, म्हणजे चालण्यासारखं.

हा हिशेब कशासाठी, ते हिवाळ्यात दिसतं. हवेची आर्द्रता ५० टक्के असते तेव्हा लाकूड साधारण ९ टक्के ओलाव्यावर स्थिरावतं, २५ टक्के आर्द्रतेला साडेपाचच्या आसपास. सरळ कापाचा रेड ओक ओलाव्याच्या दर टक्क्याला रुंदीच्या ०.००३६९ पट हलतो. सव्वादोन इंचाच्या पट्टीला ४ टक्के फरक पडला की सुमारे ०.८ मिलिमीटर होतात, म्हणजे एका एटीएम कार्डाची जाडी. जानेवारीत दोन पट्ट्यांमध्ये कार्ड जेमतेम सरकलं तर ते बिघाड नाही, लाकूड जिवंत असल्याची खूण आहे. पाच इंची फळीत तीच फट दुपटीहून मोठी दिसते. रुंद फळीच्या मोहात पडणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावं.

ह्युमिडिफायर लावून हिवाळाभर आर्द्रता ३५ च्या खाली जाऊ दिली नाही, त्या महिन्यांत फटा जवळपास दिसल्या नाहीत. तो दोन आठवडे बंद पडला तेव्हा लगेच उमटल्या. मुंबई-कोकणातल्या घरात भरीव ओक घालण्याचा विचार असेल तर आकडे उलट्या दिशेने बघा. ८० टक्के आर्द्रतेला लाकूड १६ टक्क्यांवर जातं. तिथे फट पडत नाही, पट्ट्या एकमेकींना रेटून वर उचलल्या जातात. अशा हवेत थरांचं इंजिनिअर्ड लाकूडच बरं.

ठोकण्याचं काम ऐकताना अवघड वाटतं, पण तुलनेने ते सोपं आहे. १३० फुटांना ८ टक्के तूट धरून १४० फूट, म्हणजे २० फुटांचे सात गठ्ठे लागले. दर्जा नंबर १ कॉमन. सिलेक्ट या वरच्या दर्जात रंग एकसारखा मिळतो, पण जुन्या जमिनीशेजारी तो परका दिसला असता. सबफ्लोअरला १० फुटांत पाव इंचापेक्षा जास्त चढउतार नको. जिथे करकरतं तिथे आधीच जॉइस्टमध्ये (जमिनीखालच्या तुळयांत) स्क्रू मारून घ्यायचे, नंतर ती संधी नाही. वर १५ पौंडी डांबरी कागद. पट्ट्यांची दिशा जॉइस्टला काटकोनात, भिंतीपासून चहूबाजूंनी पाऊण इंच मोकळी. ती जागा बेसबोर्ड आणि क्वार्टर राउंड या भिंतीच्या तळाच्या पट्ट्यांखाली झाकली जाते.

भाड्याच्या हवेच्या नेलरने (खिळे मारायच्या मशीनने) २ इंची क्लीट, म्हणजे जमिनीचे खास खिळे, दर ८ इंचांवर आणि पट्टीच्या टोकापासून २ ते ३ इंचांवर मारले. १,००० क्लीटची एक पेटी या खोलीला पुरत नाही. सव्वादोन इंचाच्या पट्टीत १३० फूट क्षेत्र म्हणजे जवळजवळ ७०० फूट लांबी. टोकांचे धरून १,२०० लागतात. पहिली ओळ आणि शेवटच्या दोन-तीन ओळी वरूनच ठोकाव्या लागतात, तिथे नेलर बसत नाही. शेजारशेजारच्या ओळींचे सांधे निदान ६ इंच सरकवायचे. आणि चार गठ्ठे एकदम फोडून पट्ट्या मिसळून मांडायच्या, नाहीतर एका कोपऱ्यात सगळ्या गुलाबी आणि दुसऱ्यात सगळ्या पिवळट येतात.

आता घासणं. खरा घाम इथे निघतो आणि खऱ्या चुका इथेच होतात.

घासण्याआधी तीन गोष्टी तपासायच्या. १९७८ पूर्वीच्या घरात जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्याची चाचणी करून घ्यावी. जमिनीवर जुन्या ९ इंची टाइल किंवा काळा डिंक असेल तर अ‍ॅस्बेस्टॉसची शक्यता असते, त्याला मशीन लावायचंच नाही. आणि हीटिंगच्या रजिस्टरची (जमिनीतल्या गरम हवेच्या तोंडाची) जाळी काढून पट्टीची कड बघायची, म्हणजे जिभेच्या वर किती लाकूड शिल्लक आहे ते कळतं. नवीन पट्टीत ते पाव इंचाहून थोडं जास्त असतं. इथे ५ मिलिमीटर होतं. एका घासणीत मिलिमीटरभर किंवा त्याहून कमी जातं, त्यामुळे चिंता नव्हती. जिथे खिळ्यांची डोकी दिसायला लागली आहेत, तिथे ड्रम सँडर (फिरत्या ड्रमवर सँडपेपर चढवलेलं जड मशीन) नकोच.

कार्पेटच्या पट्ट्यांचे खिळे आणि स्टेपल उपटून, राहिलेले पृष्ठभागाखाली आठवा भाग इंच दाबायचे. एक स्टेपल राहिला तरी कागद फाटतो, आणि ठिणगी धुळीच्या पिशवीत जाते. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची, रात्री घरात ठेवायची नाही. जुन्या फिनिशची धूळ साठून आपोआप पेटू शकते.

सँडपेपरच्या नंबरांचा क्रम होता ४०, ६०, ८० (नंबर लहान तितका कागद खरखरीत), मग बफर या फिरत्या चकतीच्या मशीनवर १०० ची घासायची जाळी. पहिला कागद ३६ चा घ्यायचा की ४० चा, हे जुनं पॉलिश ठरवतं. ४० ला पॉलिश चिकट होऊन कागदात भरू लागलं तर एक पायरी खाली उतरा. पहिल्या कागदाचं काम चमक आणण्याचं नाही, जमीन सपाट आणि उघडी करण्याचं आहे. ४० ने राहिलेला काळा डाग ६० ने जात नाही, तो फक्त गुळगुळीत होतो. नंबर गाळू नयेत. ४० वरून थेट १०० वर उडी मारली की खोल ओरखडे तसेच राहतात, आणि पॉलीचा हात बसल्याशिवाय ते दिसतही नाहीत. उलट १२० च्या पुढेही जाऊ नये. ओक चकाकतो आणि पॉलीची पकड सुटते.

ड्रम चालत असताना तो जमिनीवर एका जागी एक सेकंदही थांबता कामा नये. चालायला लागल्यावर खाली टेकवायचा, थांबायच्या आत उचलायचा, तोही लाकडाच्या रेषेबरोबर. इथे दोन ठिकाणी उथळ खड्डे पडले आहेत. हाताला लागत नाहीत, पण संध्याकाळी पश्चिमेच्या खिडकीतून तिरपं ऊन आलं की बशीसारखे दिसतात. बैठकीत ऊन आलं की इंच-दीड इंचावर एकसारख्या आडव्या लाटाही दिसतात. त्यांचं कारण मशीनची चाकं. भाड्याच्या मशीनच्या चाकांवर आधीच्या गिऱ्हाइकाचं वाळलेलं पॉलिश चिकटलेलं असतं आणि ड्रम त्यावर उड्या मारतो. मशीन घेतानाच चाकांवरून बोट फिरवून बघायचं, पाच मिनिटांचं काम आहे. शेवटच्या कागदाआधी आडव्या कोनात धरलेल्या टॉर्चने जमीन तपासायची. छतावरचा दिवा काहीच दाखवत नाही.

दुसरी उणीव कडांची. एजरने (कडा घासायच्या छोट्या मशीनने) गोल ओरखडे येतात, आणि मधला भाग ड्रमने सरळ घासलेला असतो. एजर ८० वर थांबला आणि मधलं १०० वर गेलं, म्हणून भिंतीलगत पाच इंचांची किंचित गडद चौकट राहिली आहे. त्या चौकटीवर छोट्या ऑर्बिटल सँडरने ८० आणि १०० मारायला हवं होतं. कोपरे पटाशीने किंवा खरवडणीने हातानेच करावे लागतात. ५५० फुटांना ड्रमचे ४० चे ७, ६० आणि ८० चे प्रत्येकी ४ कागद आणि एजरच्या ३० चकत्या लागल्या. न वापरलेले बरीच दुकानं परत घेतात, म्हणून जास्तच आणावेत.

कुत्र्याच्या मुताचा काळा डाग ऑक्झॅलिक आम्लाने फिका झाला, गेला नाही. लोखंडी खिळ्याभोवतीचा काळा डाग त्याने जातो, मुताचा खोल मुरलेला असतो. पट्टी कापून बदलणं हाच उपाय.

फिनिश दोन डब्यांचं, हार्डनर मिसळायचं, साटिन (मंद चमकीचं). आधी सीलर (पॉलीखालचं अस्तर), मग पॉलीचे तीन हात. गॅलनला ४५० फूट धरून सीलर एक गॅलन एक क्वार्ट (पाव गॅलन), पॉली चार गॅलन. हार्डनर मिसळल्यावर मिश्रण साधारण चार तासच वापरता येतं, म्हणून एका हाताला लागेल तेवढंच कालवायचं. डबा हलवायचा नाही, ढवळायचा. साटिनची चमक मारणारी पूड तळाशी बसते आणि हलवल्याने बुडबुडे येतात. पहिल्या हाताने लाकडाचे तंतू उभे राहतात, तो वाळल्यावर २२० च्या जाळीने हलकं घासून ओल्या मायक्रोफायबरने पुसायचं. मेणाचं चिकट कापड वापरलं तर पाण्याचं पॉली त्यावरून मागे सरकतं. हात देताना पंखा आणि एसी बंद, ओली कड जिवंत ठेवत एका भिंतीकडून दाराकडे. पाच मिनिटांपूर्वीच्या जागी परत रोलर नेला की पट्टा उमटतो.

तेलाचं पॉली निम्म्या कष्टात सुंदर मधाळ रंग देतं, हे कबूल करायला हवं. पण वास आठवडाभर, गालिचा महिनाभर नाही, आणि तेलाची चिंधी गुंडाळून ठेवली तर आग. पाण्याच्या पॉलीने रेड ओकचा मूळ गुलाबी रंग उघडा राहतो. तो आवडत नसेल तर आधी लपलेल्या कोपऱ्यात नमुना मारून बघा. गालिचे इथे दोन आठवड्यांनी टाकले.

एक दोष मात्र पाण्याच्या फिनिशच्या स्वभावात आहे. ते पट्ट्यांच्या कडांत उतरून दहा-बारा पट्ट्या एकमेकींना चिकटवतं. मग हिवाळ्यात प्रत्येक सांध्यात बारीक फट पडण्याऐवजी एकाच ठिकाणी मोठी पडते. रजिस्टरजवळ पहिल्या जानेवारीत अशी जवळपास ३ मिलिमीटरची फट उघडली. सीलर नीट बसवला की हे कमी होतं. तिथे तो पातळ लागला होता.

रोजच्या वापराचं. आपल्या घरांत चपला दाराबाहेर राहतात, याचा फायदा मोजता येण्याइतका आहे. चालण्याच्या वाटेवर १४ महिन्यांत चमक उतरलेली नाही. तोटाही आपलाच आहे. अनवाणी पायाचा घाम आणि तेल साटिनवर ठसे सोडतं, दर आठवड्याला पुसावंच लागतं. फरशी धुतल्यासारखं बादलीभर पाण्याने पुसणं मात्र कायमचं बंद. घट्ट पिळलेलं फडकं, तेही थोड्या थोड्या जागेवर. वाफेचा मॉप, व्हिनेगर, तेलाचा साबण काहीच नको. तेलाचा थर बसला की पुढचा पॉलीचा हात पकडत नाही. समईखाली ताट हवं ते त्यासाठीच. हळद लगेच पुसली तर राहत नाही. राहिलेला पिवळा डाग खिडकीजवळ उन्हाने आठवड्यात उडाला, कुंकवाचा मात्र राहिला.

ओरखडे खुर्च्यांचे आहेत. नमद्याच्या चकत्यांत खडे रुततात आणि चकतीच सँडपेपर होते, म्हणून तीन महिन्यांनी बदलायच्या. खलबत्ता पडून खोच पडली. पॉली कितीही कडक असो, खालचं लाकूड दबतंच. तरी रेड ओकची जांका कठीणता (लाकडाच्या टणकपणाचं माप) १,२९० आहे, आपला सागवान त्याहून मऊ. कुंडीखाली मात्र बशी पुरत नाही. बशीच्या तळाला दव धरून काळं कडं उमटलं, आता कुंड्या स्टँडवर आहेत.

जेवणाच्या टेबलाखालच्या जागेवर दर सहा महिन्यांनी पाण्याचा थेंब टाकून बघतो. थेंब मण्यासारखा उभा राहिला तर पॉली शाबूत, पसरून लाकूड गडद झालं तर उशीर झाला. त्याआधीच १२० च्या जाळीने हलकं खरवडून एक हात द्यायचा आहे. टेबलाखालचे आणि दारातले मिळून १५० फूट, दीड क्वार्ट पुरेल. रजिस्टरजवळची फट पुट्टीने भरणार नाही. ती जुलैत पूर्ण मिटली होती, आणि आत भरलेली पुट्टी पट्ट्या फुगल्या की बाहेर ढकलली जाते किंवा त्यांच्या कडा चिरडते.