दिल्ली दर्शनच्या बसचं बुकिंग करताय? आधी वार बघा, मग हे वाचा

सुट्ट्या लागल्या की आपल्याकडची बरीच मंडळी मुलाबाळांना, म्हाताऱ्या माणसांना घेऊन दिल्लीला जातात, म्हणून लिहितेय. नवी दिल्ली स्टेशन, पहाडगंज, कनॉट प्लेस या भागात "दिल्ली दर्शन, एसी बस, दस पॉइंट" करत मागे लागणारे एजंट असतात ना, त्यातल्या एकाकडे आम्ही बुकिंग केलं. माणशी सहाशे, मुलांचेही पूर्ण. सासूबाईंचे गुडघे दुखतात, मेट्रोचे जिने नकोत, एका बसमध्ये बसलं की सगळं होईल असा साधा हिशोब. त्याने लॅमिनेट केलेलं कार्ड दाखवलं, त्यावर लाल किल्ला, लोटस टेंपल, कुतुबमिनार, हुमायूनचा मकबरा, इंडिया गेट, अक्षरधाम वगैरे फोटोसकट. ह्यांनी स्पष्ट विचारलं, कल सोमवार है, सब खुला रहेगा ना? तर म्हणे "सब खुला है सर जी, टेन्शन मत लीजिए, रोज का काम है हमारा."

रोजचं काम आहे हे मात्र खरं बोलला.

सोमवारी लाल किल्ला बंद. लोटस टेंपल बंद. अक्षरधाम बंद. तीन मूर्तीचं प्रधानमंत्री संग्रहालय पण बंद. आणि हे काही त्या दिवसापुरतं नाही, दर सोमवारी असतं, म्हणजे दिल्लीत टुरिस्टांच्या जीवावर जगणाऱ्या माणसाला हे माहीत नाही असं होऊच शकत नाही. आम्हाला कळलं कधी, तर हॉटेलं हॉटेलं फिरून माणसं गोळा करत करत साडेदहाला बस एकदाची लाल किल्ल्यासमोर आली तेव्हा. गाइड माइकवर म्हणतो, आज अंदर से बंद है, लेफ्ट साइड खिडकी से फोटो ले लीजिए. बस थांबली पण नाही नीट. उजव्या बाजूचे लोक डावीकडच्यांच्या डोक्यावरून मोबाइल धरतायत, माझा मुलगा विचारतोय आई पंतप्रधान झेंडा फडकवतात ते हेच का, आणि तेवढ्यात बस पुढे पण गेली. हा झाला पॉइंट नंबर एक!

मग "सरकारी एम्पोरियम". कार्डवर याचा उल्लेख कुठेच नव्हता. गाइड म्हणे फक्त पंधरा मिनिटं, वॉशरूम ब्रेक. सगळे उतरले, ड्रायव्हरने एसी बंद केला, दार लावलं आणि चावी घेऊन गेला, म्हणजे ज्याला खरेदी करायची नाही त्याला पण आतच बसायला लागणार. आत गेल्या गेल्या पाणी, चहा, बसा माताजी. दारातल्या काउंटरवरच्या मुलाने वहीत बसचा नंबर लिहिला आणि पुढे माणसं किती ते लिहिलं, गाइडने त्याच्यापुढे सही केली, हे मी स्वतः शेजारी उभी राहून बघितलं. कमिशनचा हिशोब इतका उघड चालतो. तिथे आमचा सव्वा तास गेला. एका माणसाने अंगठीतून शाल आरपार ओढून दाखवली, असली पश्मिना की यही पहचान है माताजी, किंमत नऊ हजार, सरकारी डिस्काउंट लावून बेचाळीसशे. सासूबाईंनी नणंदेसाठी घेतली. घरी आल्यावर झालरीचा एक धागा काडीने पेटवून बघितला, तर वितळला आणि टोकाला काळा कडक मणी तयार झाला. लोकर जळली की केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटाने चुरली जाते, मणी बनतो तो सिंथेटिकचा. आणि ती अंगठीची ट्रिक तर कुठल्याही पातळ सुळसुळीत कापडाने जमते, घरी ओढणीने करून बघा.

खरी सरकारी दुकानं हवी असतील तर जनपथवर सेंट्रल कॉटेज इंडस्ट्रीज एम्पोरियम आहे आणि बाबा खडकसिंग मार्गावर राज्याराज्यांची एम्पोरियम ओळीने आहेत. तिथे भाव लिहिलेले असतात, कोणी निम्म्यावर आणून देत नाही. जिथे नऊ हजाराचे बेचाळीसशे होतात ते सरकारी कसलं डोंबलाचं.

जेवण झाल्यावर अजून एक दुकान, गालिचे आणि खड्यांच्या अंगठ्या. मी उतरलेच नाही, दारापाशीच अडून बसले, तर ड्रायव्हर माझ्याकडे असा बघत होता जसं काही मीच त्याचं भाडं बुडवलंय.

आता कुतुबमिनारची गंमत ऐका. बसमध्येच गाइडने "लाइन से बचना है तो" म्हणून एन्ट्रीचे माणशी शंभर गोळा केले, मुलांचे पण. खिडकीजवळ गेल्यावर माझी लेक बोर्ड मोठ्याने वाचायला लागली, आई चाळीस रुपये लिहिलंय, आणि पंधरा वर्षांखालचे फ्री, मग माझे शंभर कशाचे? आजूबाजूच्या तीनचार फॅमिलींनी ऐकलं आणि मग जो काही कल्ला झाला. पुरातत्त्व खात्याच्या ह्या स्मारकांना भारतीयांना चाळीस, ऑनलाइन काढलं तर पस्तीस, क्यूआर कोड गेटवरच असतो, तुमच्या मोबाइलवरून दोन मिनिटात होतं. गाइड आधी म्हणे पार्किंग चार्ज, मग म्हणे गाइड फी, शेवटी मुलांचे परत केले, मोठ्यांचे नाहीच. ह्या भांडणात आत बघायला मिळाली पंचवीस मिनिटं. सोळाशे वर्षांपेक्षा जुना, न गंजलेला लोहस्तंभ मुलांच्या पुस्तकात आहे, तो तरी नीट बघू म्हटलं, तर बाहेरून हॉर्न सुरू.

हुमायूनचा मकबरा सोमवारी चालू असतो बरं का, तरी "टाइम नहीं है" म्हणून कॅन्सल. दोन दुकानांना अडीच तास होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही सरळ मेट्रोने गेलो. जिन्याची जी भीती होती ती फुकटच, लिफ्ट असतात. व्हायोलेट लाइनवर लाल किला नावाचं स्टेशनच आहे, सासूबाई सावकाश चालत किल्ल्यात गेल्या, दीवान-ए-आम समोर वाटेल तितका वेळ बसल्या. तरीही बसच हवी असेल तर ज्या वारी जाताय त्या वारी काय बंद आहे ते घरूनच बघून ठेवा, आणि एजंटकडून कार्ड नको, लिहून घ्या: आत नेणार का बाहेरून दाखवणार, प्रत्येक ठिकाणी किती वेळ, दुकानं किती, एन्ट्री कोणाची. लिहून द्यायला का कू करतो का तेवढं बघा. शिवाय पावतीवर कंपनीचं नाव, पत्ता, जीएसटी नंबर पाहिजेच. आमच्या पावतीवर वर नुसतं "दिल्ली दर्शन" छापलेलं आणि खाली पेनने मोबाइल नंबर, त्यामुळे ग्राहक हेल्पलाइन 1915 वर फोन लावला तर पहिलाच प्रश्न, तक्रार कोणाविरुद्ध? एजंटचा फोन तेव्हापासून बंद. शालीच्या बिलावर मात्र दुकानाचं नाव, जीएसटी नंबर सगळं आहे, आणि बिलात चक्क "पश्मिना शाल" लिहिलंय, म्हणून तक्रार दुकानाविरुद्ध टाकलीये, बिलाचा आणि त्या जळलेल्या धाग्याचा फोटो जोडून.