जुन्या रेबा फोर्कचे सील, बुश आणि एक पावसाळा: वापरानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगतो. फोर्क, म्हणजे सायकलच्या पुढच्या चाकाचा शॉकअप, रॉकशॉक्स रेबा, ड्युअल एअर (वर-खाली दोन कप्प्यांत हवा), १०० मिमी ट्रॅव्हलचा (म्हणजे तेवढा दबणारा), २६ इंची चाकाचा. सेकंडहँड सायकलीसोबत आलेला. त्याचे सील, फोम रिंगा, हवेच्या बाजूच्या ओ-रिंगा आणि वरचे दोन्ही बुश (पाइप ज्यात सरकतो त्या कड्या) बदलून घेतले. काम उन्हाळ्यात झालं, नंतर अख्खा पावसाळा आणि हिवाळा पुण्यातल्या वेताळ टेकडीवर पिदडला. सील आणि ओ-रिंगा म्हणजे पैसा वसूल. बुशांचं काम मात्र अर्धवट यशस्वी.

"एवढं करण्यापेक्षा नवाच घ्यायचा ना!" असं ग्रुपवर प्रत्येक जण म्हणतो. घ्या की. माझ्या फ्रेमला सरळ, १ १/८ इंची स्टिअरर (फ्रेममधून वर जाणारा फोर्कचा दांडा) लागतो, चाक २६ इंची, हब साध्या ९ मिमी क्विक रिलीजचा. आजचा कुठलाही बरा फोर्क बघा, स्टिअरर खाली जाड होत गेलेला, ॲक्सल १५ मिमी, चाक २९ किंवा २७.५ इंची. २६ इंचीसाठी नवं म्हणून जे सहज मिळतं ते बहुतेक स्प्रिंगचं, जड आणि डॅम्पिंगच्या (उसळी आवरण्याच्या) नावाने बोंब. २००५ च्या सुमारास आलेला हा रेबा आणि त्यातला मोशन कंट्रोल डॅम्पर अजूनही त्यापेक्षा कितीतरी सरस आहे. जुनी चांगली फ्रेम ठेवायची तर जुना चांगला फोर्क दुरुस्त करण्यावाचून गत्यंतर नाही.

आता मुद्द्याचं. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवली की टकटक जाणवते, आणि दुकानात लगेच "शॉकअप गेला" म्हणून सांगतात. थांबा. ती टकटक हेडसेटची (स्टिअरर ज्यात फिरतो त्या बेअरिंगची) असू शकते, हबच्या बेअरिंगची असू शकते, ब्रेक पॅड कॅलिपरमध्ये हलतात त्याचीही असू शकते. एक बोट हेडसेटच्या खालच्या कपवर ठेवा आणि हलवा. मग बोट सीलच्या काठावर, अर्धं सीलवर अर्धं स्टँचनवर (खालच्या पायात सरकणाऱ्या गुळगुळीत पाइपवर) असं ठेवा आणि पुन्हा हलवा. खेळ जिथे आहे तिथे बोटाला बरोबर कळतो. माझ्याकडे दोन्ही ठिकाणी होता. हेडसेट पाच मिनिटांत कसला. उरलेला खेळ बुशांचा.

बुश म्हणजे खालच्या पायांत ठोकून बसवलेल्या पातळ कड्या, प्रत्येक पायात दोन, एक वर आणि एक खाली. पाठीला स्टील, त्यावर सच्छिद्र कांस्य आणि सगळ्यात आत टेफ्लॉनचा पापुद्रा. स्टँचन त्या पापुद्र्यावर घसरतो. तो झिजला की कांस्य उघडं पडतं, आणि मग बुश स्टँचनला खाऊ लागतो. ब्रेक मारला की चाक मागे ढकललं जातं, खालचे पाय तिरपे होऊ बघतात आणि वरचा बुश स्टँचनच्या मागच्या अंगावर दाबला जातो. म्हणून जुना फोर्क विकत घेताना स्टँचन समोरून चकाचक दिसतो म्हणून खूश होऊ नका. मागे वळून, सीलच्या जरा वर, बोट फिरवून बघा. गडद रंगात चंदेरी पट्टा दिसला तर हार्ड ॲनोडायझिंग उडालंय आणि खालचं मऊ ॲल्युमिनियम उघडं पडलंय. माझ्या डाव्या पायाला असा पट्टा आहे, करंगळीच्या नखाएवढ्या रुंदीचा. पुढे जे झालं त्याचं मूळ तिथे आहे.

सीलचं काम घरी केलं. हवा सोडताना ड्युअल एअरमध्ये आधी खालच्या, म्हणजे निगेटिव्ह बाजूची सोडायची. उलट केलंत तर निगेटिव्ह हवा फोर्क आत खेचून धरते आणि उगाच झटापट होते. भरताना आधी वरची, मग खालची. खालचे दोन बोल्ट थोडे सैल करून त्यांच्या डोक्यावर रबरी हातोडीने टकटक करायची, शाफ्ट सुटतो आणि पाय खाली उतरतात. जुना सील काढताना पान्याखाली कापड ठेवा, कारण पाय मॅग्नेशियमचे असतात आणि काठाचा टवका उडाला की नवा सील कधीच नीट बसत नाही. नवा सील ठोकायला योग्य व्यासाचा पीव्हीसी पाइपचा तुकडा पुरतो.

सील एसकेएफचे, ३२ मिमीचे मागवले. पहिले काही दिवस फोर्क जरा अडखळत होता, मग मोकळा झाला. पावसाळाभर टेकडीचा मुरूम आणि चिखल खाऊन दिवाळीनंतर पाय पुन्हा उघडले तेव्हा उजव्या पायातलं तेल बऱ्यापैकी स्वच्छ होतं. मोटरसायकलच्या दुकानातले सील लावायचा सल्ला मला दोघांनी दिला होता. मापात बसत नाहीत हे एक, आणि गाडीच्या वजनासाठी बनवलेला सील इतका घट्ट धरतो की सायकलचा फोर्क लहान खड्ड्यांना हलणारच नाही. तेल मात्र मोटरसायकलचं चालतं. डॅम्परमध्ये ५ डब्ल्यू, खालच्या पायांत वंगण म्हणून १५ डब्ल्यू, तेही प्रत्येकी १५ मिली, बस. मोतुलचं फोर्क ऑइल बाइकच्या सामानाच्या दुकानात सहज मिळतं. सीलवर साधं लिथियम ग्रीस मात्र चोपडू नका. फोम रिंगा त्याने गच्च होतात आणि तेल शोषणं सोडून देतात.

ओ-रिंगांमुळे पडलेला फरक सगळ्यात जास्त जाणवला आणि खर्च सगळ्यात कमी आला. आधी फोर्क आपोआप आखूड व्हायचा, वरची हवा पिस्टनची ओ-रिंग ओलांडून खालच्या कप्प्यात शिरायची. पंप मारला की तासाभरात पुन्हा तेच. आता महिन्यातून एकदा दाब बघतो, उतरतो तो किरकोळच.

बुश हे घरचं काम नाही, निदान माझ्या घरचं नाही. बुश बाहेरून मागवले तेव्हा बुशांपेक्षा पोस्टेज महाग पडलं. जुने ओढून काढायला आतून पकडणारा पुलर लागतो. नवे दाबून बसवले की ते आकसतात आणि स्टँचन आत जाताना अडकतो. इथे रीमर (भोक खरवडून मोठं करणारं हत्यार) लावायची इच्छा होते. लावू नका, टेफ्लॉनचा थर काही शतांश मिलिमीटर जाडीचा असतो, रीमर तोच आधी सोलून काढेल. त्याऐवजी नेमक्या व्यासाचा, पॉलिश केलेला स्टीलचा मँड्रेल (मापाचा दांडा) आतून ढकलून बुश दाबून मापात आणायचा. भोसरीतल्या एका लेथवाल्याकडून मँड्रेल करून घेतला. स्टँचन हातात घेऊन, मायक्रोमीटर लावून त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "साहेब, हा पाइप गोल कुठंय?" डावा स्टँचन झिजलेल्या अंगाला बारीक होता. मी हार्ड क्रोमचं विचारलं. बुलेटचे पाइप करणारे लोक त्याच्या ओळखीचे होते, पण ते स्टीलचं काम. ॲल्युमिनियमचा एवढा पातळ पाइप कुणी हातात घ्यायला तयार नव्हता. रॉकशॉक्सच्याच टोरासारखा स्टील स्टँचनचा स्वस्त फोर्क असता तर विचार करता आला असता, हा एक विनोदच.

म्हणून परिणाम असा: उजवा पाय नव्यासारखा. डाव्यात खेळ निम्म्याहून कमी झाला, गेला नाही. बुश कितीही नवा असला तरी त्याच्या आतला दांडा बारीक झालेला असेल तर फट राहणारच. दिवाळीनंतर उघडलं तेव्हा डाव्या पायातलं तेल करडं, चमकदार होतं, म्हणजे ॲल्युमिनियम अजून झिजतंय. उताराला ब्रेक मारताना थोडी टकटक ऐकू येते. माझ्या चालवण्याला ती चालते. उंचावरून उड्या मारणाऱ्याने हा फोर्क वापरू नये.

सुटे ओरखडे ही वेगळी गोष्ट. दगड लागून पडलेल्या एका खाचेत नेलपॉलिश भरलं, वाळल्यावर २००० नंबरच्या ओल्या पॉलिश पेपरने सपाट केलं. अजून टिकलंय. बायकोची बाटली परत मिळालेली नाही, तिच्या दृष्टीने.

दोन गोष्टींना हात लावला नाही आणि कुणी लावू नये. क्राऊनमधून (दोन्ही स्टँचन आणि स्टिअरर जिथे जोडलेले असतात तिथून) कटकट आवाज येत असेल तर तिथले पाइप प्रेसने बसवलेले असतात, डिंक-गोंद घालून ते परत विश्वासाचे होत नाहीत. आणि मॅग्नेशियमच्या पायाला ब्रेकच्या बैठकीजवळ तडा दिसला तर फोर्क सरळ भंगारात.

रेबाहून जुने फोर्क असतील तर हिशेब बदलतो. मित्राकडे नव्वदच्या दशकातला रॉकशॉक्सचा जुडी आहे, त्यात स्प्रिंगऐवजी इलॅस्टोमरचे (रबरासारखे) गोळे. उघडला तर आत चिकट चोथा. त्याला बुशांआधी ते गोळे शोधायचे आहेत. मार्झोकीचा पहिला बॉम्बर झेड-१ असेल तर मात्र नशीबवान आहात. त्यात तेल मुबलक, बुश कायम तेलात बुडालेले, म्हणून बऱ्याचदा सील आणि तेल बदललं की भागतं.

खरेदीचा क्रम माझ्या मते असा ठेवा. आधी फक्त पाय उतरवा, स्टँचन मागून बघा, शक्य असेल तर मायक्रोमीटरने चार ठिकाणी मोजा. गोल निघाला तर बुश मागवा. नाही निघाला तर सील आणि ओ-रिंगांवर थांबा आणि बुशांचे पैसे त्याच मॉडेलचा अख्खा वरचा भाग जुन्या बाजारात शोधण्यासाठी राखून ठेवा. मी सध्या तोच शोधतोय, ३२ मिमी, सरळ स्टिअरर, किमान १९० मिमी लांबीचा. कुणाकडे पडून असेल तर कळवा, मात्र मागच्या बाजूचा फोटो आधी पाठवा.