नववर्षाआधीचा चिनी बाजार : तैपेईची दिहुआ स्ट्रीट की हाँगकाँगचे व्हिक्टोरिया पार्क?

चांद्र नववर्षाआधीची खरेदीची धांदल पाहण्यासाठीच प्रवास आखणाऱ्यांपुढे हे दोन पर्याय हटकून येतात. गर्दी दोन्हीकडे अंगावर येणारीच आहे. पण एक बाजार वाणसामानाचा आणि दुसरा फुलांचा, हा फरक आधी लक्षात घ्यावा.

दिहुआ स्ट्रीट ही तैपेईच्या दादाओचेंग भागातली सुक्या मालाची जुनी पेठ आहे. शिताके मश्रूम, चहा आणि औषधी मुळ्या तिथे वर्षभर मिळतात. नववर्षाआधी साधारण दोन आठवडे दुकानांपुढे जादा ठेले लागतात आणि विक्रेते येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातावर पिस्ते, काजू, सुकवलेली फळे ठेवून चव घेण्याचा आग्रह धरतात. भाव विचारताना मात्र सावध राहावे, कारण पाटीवरचा आकडा बहुधा किलोचा नसून तैवानी ‘जिन’चा, म्हणजे ६०० ग्रॅमचा असतो, तर काही ठिकाणी तो निम्म्या जिनचाही असतो. बोय माशाची खारवून वाळवलेली, मधाच्या रंगाची चपटी गाबोळी ही इथली मानाची भेटवस्तू. सुक्या मासळीचा वास सर्वत्र दरवळतो. कोकणातल्या माणसाला तो बाजारच्या दिवसासारखा ओळखीचा वाटेल, कट्टर शाकाहाऱ्याला कदाचित सोसणार नाही.

व्हिक्टोरिया पार्कमधले गाळे सरकारी खाते लिलावाने देते आणि बाजार जेमतेम आठवडाभर चालतो, त्यामुळे गाळ्याचे भाडे वसूल करण्याची विक्रेत्यांची घाई स्पष्ट जाणवते. माणसाहून उंच पीचच्या फांद्या कळ्या मिटलेल्या असतानाच घेतल्या जातात, कारण त्या सणाच्या दिवसांत उमलायला हव्यात. शिवाय फळांनी लगडलेली कुमक्वाटची झाडे, निशिगंधासारखा घमघमणारा नार्सिसस आणि ऑर्किड यांच्या रांगा असतात. अखेरच्या रात्री गाळे रिकामे करायचे असल्याने भाव कोसळतात. पण रोपे भारतात आणणे नियमांमुळे जवळपास अशक्यच, त्यामुळे पर्यटकाच्या वाट्याला पाहणे आणि छायाचित्रे काढणे एवढेच येते.

एकच ठिकाण निवडायचे असेल, तर माझे मत दिहुआच्या बाजूने आहे, कारण तिथे पाहुणाही गिऱ्हाईक होऊ शकतो. हाँगकाँगमध्ये मुक्कामच एका रात्रीचा असेल, तर व्हिक्टोरिया पार्क चुकवू नये. भारतीय पारपत्रधारकांना हाँगकाँगच्या १४ दिवसांपर्यंतच्या भेटीसाठी ऑनलाइन पूर्वनोंदणी पुरते. तैवानसाठी व्हिसा लागतो किंवा काही ठरावीक देशांचा व्हिसा असल्यास ऑनलाइन परवानगी मिळते.

२०२७ मध्ये नववर्ष ६ फेब्रुवारीला, शनिवारी आहे. दिहुआला आदल्या आठवड्यातल्या कामकाजाच्या दिवशी सकाळी जावे, तर व्हिक्टोरिया पार्कला ५ तारखेच्या रात्री. ६ तारखेला दुपारी पोहोचणाऱ्याला दोन्हीकडे बाजार उठलेला दिसेल.