बंगई, खलबत्ता आणि कुलर: आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या मारबतीला (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची नागपूरची मिरवणूक) ढोल-ताशे महालातल्या आमच्या गल्लीत शिरले आणि माझा सहा वर्षांचा पोरगा कानांवर हात दाबून दिवाणाखाली घुसला. दोन तास निघाला नाही. शर्टाचं लेबल त्याला टोचतं, वरण-भात बोटांना लागला की रडारड, आणि हाच पोरगा दिवसभर भिंतींना धडका देत फिरतो. "लाडावलाय" हे ऐकून ऐकून थकलो होतो. शेवटी ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे (रोजच्या हालचाली-कामांतून उपचार करणाऱ्या तज्ज्ञाकडे) गेलो. कागदावर आजाराचं नाव काही मिळालं नाही (आवाज-स्पर्श मेंदूला नीट हाताळता न येण्याची ही 'सेन्सरी' अडचण डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक विकारांच्या अमेरिकी निदान-पुस्तकात, वेगळं निदान म्हणून धरलेलीच नाही), पण घरी काय करायचं त्याचा तक्ता मिळाला. आता मे उजाडला.

आधी पैसे कुठे गेले ते सांगते. ऑनलाइन मागवलेला सेन्सरी किट आठवडाभर चालला. त्यातले पाण्यात फुगणारे मणी मी त्याच दिवशी फेकले. धाकटी दीड वर्षाची आहे, गिळले तर आत फुगून आतडं अडतं. वजनदार ब्लँकेट त्याला आवडलं, पण झोप तेवढीच राहिली. ब्रिटनमध्ये ऑटिस्टिक मुलांवर झालेल्या, २०१४ साली छापून आलेल्या चाचणीतही असंच दिसलं होतं, हे मला नंतर कळलं. आणि मार्चनंतर नागपुरात ते पांघरणार कोण?

खरी कामाला आली ती बैठकीतली जुनी सागवानी बंगई. पालथं झोपवून संथ, सरळ पुढे-मागे, दहा मिनिटं. सुरुवातीला मी हौसेनं रात्री गरगर फिरवली, तर पठ्ठ्या बारापर्यंत उधळलेला! गोल फिरणं जागं करतं, सरळ झोका शांत करतो, हे तेव्हा समजलं.

दुसरं म्हणजे 'हेवी वर्क'. स्नायू-सांध्यांवर जोर आला की आपलं अंग कुठे आहे हे मेंदूला नीट कळतं, मग भिंतींना धडकायची गरज कमी पडते. शाळेआधी खलबत्त्यात फल्लीदाणे कुटतो, संध्याकाळी कणीक तिंबतो. नंतर नाही, आधी. शाळेतून चिडून आल्यावर दिलेला खलबत्ता त्यानं एकदा फरशीवर आपटलाय.

कुलरच्या आवाजाला तो घाबरायचा, त्यामुळे कुलरची धास्ती मला दर उन्हाळ्यात असायची. यंदा तो भरायचं काम त्यालाच दिलं. आबाजींबरोबर अर्धी-अर्धी बादली. आठवडाभर फक्त पंप, ताट्यांवरून पाणी ठिबकताना बघायचं. मग पंखा एक मिनिट, बटण त्याच्याच हातात. तीन आठवड्यांनी तो कुलरच्या खोलीत झोपला. खिडकीपासून लांब, उशी कानावर घेऊन, पण झोपला.

ओल्या-चिकट गोष्टींत मात्र फारसा फरक नाही. परातीतल्या जवसात हात घालून तो अर्धा तास बसतो, सुळसुळीत लागतं म्हणे. पण एकदा मी बळंच शिऱ्यात बोट बुडवायला लावलं, तर पुढे दोन आठवडे तो परातीजवळही फिरकला नाही. ती चूक माझी. आता संत्र सोलताना शेजारी फडकं ठेवते. रस लागला की पुसतो आणि पुढची फोड काढतो.

मिक्सर अजून सहन होत नाही. परवा चटणीसाठी "लावू का?" म्हणून विचारलं, तर काही न बोलता उठला आणि खलबत्ता उचलून घेऊन आला.