सफारीचं गेट की बांबू? बफरमधल्या ग्रामसभेसाठी

ताडोबा व्याघ्र प्रकल्पाच्या बफरमध्ये, म्हणजे गाभा जंगलाभोवतीच्या पट्ट्यात, तुमचं गाव असेल आणि जनवन या सरकारी योजनेतून गावच्या समितीच्या खात्यात पैसे आले असतील, तर सभेत साधारण दोन प्रस्ताव येतील. एक सफारीच्या भोवतालचा: जिप्सी (सफारीची उघडी गाडी), गाईड, होम-स्टे. दुसरा जंगलातल्या मालाचा: मुख्यतः बांबू, जोडीला मोहफुलं आणि तेंदूपत्ता. कशात जास्त पैसा, यावरच सगळी चर्चा अडते. मी मात्र आधी विचारेन की पैसा किती घरांत जाणार, आणि तो मिळवायला किती माणसं वाघाच्या वाटेत जाणार.

दुसऱ्या प्रश्नावर पर्यटन सरस ठरतं. पायी जंगलात शिरावं लागत नाही आणि वाघ जिवंत असला तरच धंदा चालतो. आगरझरीत तर गावच्या समितीने इरई धरणाच्या पाण्यात बोटिंग चालवून दाखवलं. पण आगरझरी, मोहर्ली, कोलारा ही गेटची, म्हणजे सफारीचं प्रवेशद्वार असलेली गावं. गेटपासून लांबच्या गावात होम-स्टे बांधला तर पाहुणा येणार कुठून? गेटच्या गावातही जिप्सीला भांडवल लागतं. ज्याच्याकडे ते आहे तो मालक होतो, बाकीचे ड्रायव्हर, नाहीतर रिसॉर्टमध्ये भांडीधुणी. शिवाय गाभा क्षेत्र पावसाळ्यात तीन महिने बंद असतं, आणि 2020 मध्ये टाळेबंदीत सफारी थांबली ती वेगळीच.

बांबूचा पैसा अधिक घरांत जातो, कारण तोडणीची मजुरी गावातच राहते. गोंडपिपरी तालुक्यातलं पाचगाव बघून या. 2012 मध्ये वनहक्क कायद्याखाली 1006 हेक्टर जंगलावर गावाला सामूहिक हक्क मिळाला आणि ग्रामसभा स्वतः बांबू तोडून विकू लागली. पाचगाव व्याघ्र प्रकल्पात नाही, त्यामुळे सरसकट नक्कल जमणार नाही. बफरमध्ये नियम जास्त आहेत. पण त्यांचा एक निर्णय उचलण्यासारखा आहे: त्यांनी तेंदूपत्ता तोडणंच बंद केलं. पानांसाठी झुडपं छाटतात, आगी लावतात, मग तेंदूची फळं ना पाखरांना मिळतात ना माणसांना. हाती येणारा पैसा सोडायला धमक लागते.

धोका सगळ्या मालाचा सारखा नाही. बांबूच्या बेटांत वाघ असू शकतो हे खरं, पण तोडणी टोळीने, बोलत-ओरडत होते. मोहफुलं वेचायची ती उन्हाळ्यात, भल्या पहाटे, वाकून, बहुतेकदा एकट्याने. चंद्रपूर जिल्ह्यात अशा वेळी हल्ले होतात. मृत्यू झाला तर शासन 25 लाख देतं. तो आकडा कुणी उत्पन्नाच्या हिशेबात धरू नये.

म्हणून माझं मत असं. गाव गेटला लागून असेल तर पर्यटन घ्या, पण गाईडची पाळी घराघराला लावा आणि जिप्सी समितीच्या नावावर ठेवा. गेट नसेल तर होम-स्टेचा नाद सोडा. सामूहिक वनहक्काचा दावा मंजूर नसेल तर आधी तो तडीस न्या, मग बांबू. गॅस आणि गोठ्यातली दुभती जनावरं यांना दोन्ही बाबतींत थोडा पैसा ठेवाच. सरपण आणि चराईच्या फेऱ्या त्यानेच कमी होतील.

ठराव लिहिण्याआधी महिलांची ग्रामसभा वेगळी घ्या. मोहफुलांना पहाटे जास्त करून त्याच जातात, आणि कुठल्या नाल्याकडे जायचं नाही हेही त्यांना जास्त ठाऊक असतं.