मुलासाठी घरी ऑक्सिजन: काँसन्ट्रेटर की सिलिंडर?
डॉक्टरांनी मिनिटाला 1-2 लिटर लिहून दिला असेल तर 5 लिटरचा (मिनिटाला 5 लिटरपर्यंत देणारा) काँसन्ट्रेटर, म्हणजे खोलीतल्या हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं विजेवरचं यंत्र, बरा. सिलिंडरसारखी रिफिलची धावाधाव नाही. 2021मध्ये कोरोनाच्या लाटेत मुंबईत या धावाधावीनेच लोक मेटाकुटीला आले. मात्र चाळीतल्या खोलीत तो भिंतीला चिकटवला की हवा न मिळून तापतो. फूटभर जागा सोडा. हवा आत घेणारी जाळी (फिल्टर) आठवड्याला धुवा, पूर्ण वाळवूनच बसवा. ऑक्सिजन ओलसर करणाऱ्या पाण्याच्या बाटलीत बुडबुडे दिसत नसतील तर आधी झाकण तपासा, बहुधा तिथूनच गळती असते.

वीज गेली की मात्र सिलिंडरच. 1,500 लिटरचा, मिनिटाला 1 लिटरने, साधारण 25 तास पुरतो. राखीव म्हणून तोच ठेवा, उभा बांधून. दोन्ही शेगडी-समईपासून लांब.

बाळ दूध ओढेना, बरगड्या आत जायला लागल्या, तर ऑक्सिजन चालू ठेवूनच 108 बोलवा.